भाकरी करणाऱ्या बाईला

दुपारी चार वाजता आमच्या हॉटेलचं शटर अर्धं खाली येतं आणि मग सहा वाजेपर्यंत आम्ही कुणाचे वेटर नसतो. दोन खुर्च्या समोरासमोर ओढायच्या, पाय पलीकडच्या खुर्चीत टाकायचे, रुमाल डोळ्यांवर घ्यायचा, की झोप. लोक म्हणतात म्हाताऱ्याला झोप नसते. त्यांनी माझी झोप येऊन बघावी. एकतीस वर्षं मी या दोन तासांत जेवढा गाढ झोपलो, तेवढा जोगेश्वरीच्या माझ्या खोलीत रात्रभर कधी झोपलो नाही.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीसमोर आमचं हॉटेल सुरंगी. शेठनी काचांना निळा कागद चिकटवलाय, त्यामुळे दुपारी आत सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. टेबलं, उपडे ग्लास, शेजारी झोपलेल्या वेटर नितेशचा उघडा जबडा. शटरखालून ऊन येतं, टेबलांच्या पायांपर्यंत पोचतं आणि तिथेच थांबतं. आतल्या बाजूने थप, थप, थप असा आवाज येत राहतो. नलिनी दुसऱ्या पाळीच्या कामगारांच्या पार्सलसाठी भाकऱ्या थापत असते. आम्ही झोपतो तेव्हा ती जागी असते, हे मला तिच्या एकोणीस वर्षांत कधी खटकलं नाही. खोटं कशाला सांगू?

त्या थपथपीवर मी रोज गावी जाऊन येतो. आचऱ्याच्या किनाऱ्यावर पंगत बसलेली असते. आजवर जेवढं गिऱ्हाईक मी वाढलं ते सगळं तिथे वाळूत मांडी घालून बसलेलं. कारखान्यांतले फिटर, बँकेतल्या बाया, वाढदिवसाची टोपी घातलेली पोरं. माझ्या हातात ताट, ताटात भाकरी, आणि भाकरी फुगत असते. फुगता फुगता ताटातून उचलली जाते. मी वाळूतून तिच्यामागे धावतो. कुणी हसत नाही, सगळे फक्त मान वर करून बघतात. मग नितेश माझा खांदा हलवतो, "काका, सहा वाजले."

भाकरीमागे धावायची मला सवयच आहे म्हणा. सुरंगीत मासे मिळतात तसे कांदिवलीत पन्नास ठिकाणी मिळतात. आमच्याकडे लोक येतात ते तांदळाच्या भाकरीसाठी. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी आहे, दोन हात जातील एवढी. त्या खिडकीतून नलिनीचे हात बाहेर येतात, भाकरी ताटलीत ठेवतात आणि आत जातात. बाईचं बाकी काही दिसत नाही. भाकरी टम्म फुगलेली असते आणि ती बसायच्या आत टेबलावर पोचवायची असते. आठ नंबरचं टेबल एकोणीस पावलांवर आहे. गिऱ्हाईक बोटाने भाकरी फोडतं, वाफ त्याच्या तोंडावर येते आणि ते "वा!" म्हणतं. या धंद्यात मी केस पांढरे केलेत, म्हणून सांगतो, आमची टिप त्या "वा"मध्ये असते. हल्ली सगळे फोन दाखवून बिल भरतात, पण त्या वाफेचा चटका बसला की फोनवालाही खिसे चाचपतो आणि शेजाऱ्याकडून नोट उसनी घेऊन बडीशेपच्या वाटीत ठेवतो.

वाटीतलं सगळं एका डब्यात जातं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्याला बॅगेचं छोटं कुलूप. हा डबा माझ्या डोक्यातून निघालेला. पूर्वी खिडकीजवळच्या टेबलांसाठी वेटर एकमेकांची गचांडी धरायचे, कारण श्रीमंत गिऱ्हाईक तिथे बसायचं. मी म्हटलं, जे आलं ते डब्यात, शनिवारी चार वाजता डबा उघडायचा आणि सारखे वाटे. किल्ली ज्याच्याकडे तो सांगेल तसे वाटे, त्यावर कुणी बोलायचं नाही. किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला. आणि वाटा कुणाला? ज्याला गिऱ्हाईक बघतं त्याला. म्हणजे आम्हा वेटरांना. स्वयंपाकघराला गणपतीत मूठभर द्यायचे, बस. आतल्यांना पगार आमच्यापेक्षा जास्त होता. आम्ही पगार वाढवा म्हटलं की शेठ म्हणायचे, "टिप मिळते ना तुम्हाला." मोठे शेठ म्हणायचे, आता त्यांचा मुलगा सुबोध म्हणतो. सूरसुद्धा तोच.

कधी कधी गिऱ्हाईक नोट पुढे करून सांगायचं, "ही भाकरी करणाऱ्या बाईला द्या." उत्तराबाई तर दर बुधवारी सांगायच्या. सेक्टर दोनमध्ये राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. एकट्या येतात, खिडकीजवळ बसतात, तिसऱ्यांचं सुकं आणि भाकरी मागवतात. जाताना वाटीत आमची टिप ठेवायच्या आणि वर वेगळी नोट हातात द्यायच्या. "भाकरी करणाऱ्या बाईला द्या हं, गुणाजी. आणि सांगा, आज पापुद्रा काय सुरेख सुटला होता." मी म्हणायचो, हो बाई. नोट डब्यात टाकायचो. नियम म्हणजे नियम.

आता माझी साठी झाली. हा माझा शेवटचा आठवडा होता आणि शेवटच्या आठवड्याची आमच्यात एक रीत आहे. जाणाऱ्या माणसाला त्या आठवड्याचा पूर्ण डबा मिळतो. बाकीचे आपला वाटा सोडतात. त्याला आम्ही निरोपाचा डबा म्हणतो. सहा जणांना मी माझ्या हाताने तो उघडून दिला होता, आता माझी पाळी होती. आमची मंडळी आचऱ्याला असते. एकतीस वर्षं ती तिकडे, मी इकडे. मे महिन्यात आणि गणपतीला तेवढे आम्ही नवरा-बायको. आमच्या विहिरीला कठडा नाही. पाणी काढताना ती कमरेला पदर खोचून काठावर वाकते, आणि मी तिथे असलो की दोर तिच्या हातातून काढून घेतो. मी कबूल केलं होतं, निरोपाचा डबा मिळाला की चिऱ्यांचा कठडा बांधू, चांगला रुंद, दोघांना संध्याकाळी बसता येईल असा. त्या कठड्यावर मी दुपारच्या झोपेत कितीदा तरी बसून आलो होतो. चिरा कसा तापलेला असतो ते मला मांडीला कळायचं.

आणि सोमवारी भाकरी फुगायची थांबली.

पहिली सपाट आली तेव्हा मी ती परतच पाठवणार होतो. मग दुसरी सपाट, तिसरी सपाट. चव तीच, भाजलेली नीट, पण फुगलेली नाही. गिऱ्हाईक बोटाने टोचायचं, काहीच व्हायचं नाही, मग ते गुपचूप जेवायचं. "वा" नाही की काही नाही. बिल भरताना फोन खिशातून बाहेर यायचा आणि परत खिशात जायचा. वाटीत नुसती बडीशेप.

मंगळवारी नितेश म्हणाला, "काका, वाट लागली ना. पीठ बदललंय का?" नितेश हुशार आहे, कुडाळकडचा, बारा वर्षं माझ्या हाताखाली. माझ्यानंतर किल्ली त्याचीच, हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आम्ही पीठ बघितलं, गॅस बघितला. कुणीतरी नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळायलाही निघालं. नलिनीला विचारलं तर ती म्हणाली, "असता एकेक दिवस." एकेक दिवस म्हणे! माझा नेमका शेवटचा आठवडा आणि हिचे एकेक दिवस!

बुधवारी उत्तराबाई आल्या. सपाट भाकरीकडे थोडा वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "नलिनीबाईंना बरं नाहीये का हो?"

मी चमकलो. नाव यांना कुणी सांगितलं?

"रविवारी मच्छी मार्केटात भेटल्या ना मला," त्या म्हणाल्या. "मी हातांवरून ओळखलं. मनगटावर तुळस गोंदलेली आहे त्यांच्या. इतकी वर्षं इथे बसते मी, त्या खिडकीतल्या हातांकडेच बघत असते. म्हटलं, सुरंगीतल्या तुम्हीच ना? मी पाठवते ते पोचतं ना, आणि माझे निरोप?"

"मग काय म्हणाली?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"काही नाही. हसल्या."

त्या दिवशी त्यांनी मला वेगळी नोट दिली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. चष्मा डबीत ठेवून सावकाश निघून गेल्या. मी त्यांचं ताट उचललं, त्यात अर्धी भाकरी उरली होती. तिची कड मी उजेडात धरली. काठाला एक बारीक खूण होती, नखाची, प्रतिपदेच्या चंद्रासारखी. शेजारच्या टेबलावरची भाकरी बघितली, तिलाही तशीच. तव्यावरची भाकरी विस्तवावर टाकायच्या आधी काठाला नख लावलं की वाफ तिथून निसटते. माझी आई सांगायची, भाकरीला नख लागू देऊ नये.

चार वाजता सगळे आडवे झाल्यावर मी आत गेलो. नलिनी परातीपाशी उभी होती. पन्नाशीची बाई, कपाळावर पिठाचा पट्टा, मागे पार्सलच्या भाकऱ्यांची चळत. तिच्यापुढे मी तो तुकडा धरला.

"ह्या नख कोणाचा गो?"

"माझाच." तिने मान वर केली नाही.

"कित्याक?"

"कामात काय कमी केलंय सांगा," ती म्हणाली. "पीठ तेवढाच, मीठ तेवढाच. कोणाच्या पानात कच्ची भाकरी गेली? थापूची ती पगारात, गुणाजीनू. फुगवची ती नाय. ती मी आपल्या खुशीन करत होतंय. एकोणीस वर्षां."

मला राग आला. खरं तर लाज वाटली होती, पण लाज वाटली की मी रागावतो, आमची मंडळी हे चांगलं ओळखते. मी म्हटलं, "डब्याचो नियम तुका म्हायत नाय? तुका पगार आमच्यापेक्षा जास्त हा."

"आणि तुमी पगार वाढवा म्हटल्यावर शेठ तुमका काय सांगता?"

शेठ आम्हाला सांगतो टिप आहे ना, आणि आम्ही हिला सांगतो पगार आहे ना. शेठला नावं ठेवण्यात माझी जीभ झिजली होती.

"पैशे डब्यात पडतत ता माका ठावक होता," नलिनी म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. "त्याचा काय नाय. पण निरोपाक काय वाटो लागता? त्या बाई सांगी होत्यो, दर बुधवारी निरोप धाडतंय. दर बुधवारी! निरोप डब्यात घालून कोणाचा पोट भरला, सांगा माका."

"माझ्याच शेवटच्या आठवड्यात तुका ह्या सुचला?"

"तुमचो शेवटचो आठवडो म्हणानच. सोमवारी तुमी गेल्यावर ह्या मी कोणाक विचारतलंय?"

तिने पुढची भाकरी थापायला घेतली. मी बाहेर आलो आणि खुर्चीत पाय टाकले.

झोप आली, पण ती काही नेहमीची नव्हती. किनारा तोच, पंगत तीच. मात्र कुणी जेवत नव्हतं. मी समोरून जाईन तसं एकेक माणूस माझ्या कानाला लागायचं, काहीतरी सांगायचं आणि मी ते मुठीत धरून डब्यात टाकायचो. डबा भरला. झाकण बसेना. वाळूत मधोमध एक खिडकी उभी होती, भिंत नसलेली. खिडकीतून दोन हात बाहेर आलेले, तळवे वर, मनगटावर हिरवी तुळस. हात मागत नव्हते. नुसते थांबले होते. मी करगोटा चाचपला तर किल्ली नाही. मी उठलो तेव्हा पाच वाजले होते, घाम आला होता आणि किल्ली जागेवर होती. आणि मला निरोप आठवायला लागले. एक आठवला की त्याला धरून दुसरा यायचा.

संध्याकाळी मी नितेशला म्हटलं, नलिनीला पूर्ण वाटा द्यायला हवा. तो हसला. "काका, तुम्ही चाललात गावी. वाटे आमचे कमी होणार. तिला पगार आहे ना!" त्याचं काय चुकलं? वाक्य माझंच होतं. मग गल्ल्यावर सुबोधला म्हटलं, पोरांचे पगार बघ जरा, नाहीतर ती एकमेकांच्या ताटातलं ओढणारच. तो फोनमधून डोकं न काढता म्हणाला, "टिप मिळते ना काका."

गुरुवारी चार वाजता मी झोपलो नाही. स्टूल घेतलं आणि खिडकीला बाहेरून टेकून बसलो. आतून थप, थप चालू होतं.

मी म्हटलं, "नलिनी, एक फिटर होतो. डाव्या हाताचा बोट नसलेलो. तुझी भाकरी खाऊन म्हणालो, आई गेल्यापासून अशी खाऊक नव्हती. दहा रुपये दिल्यान."

थप, थप.

"एक बाई होती, पोटुशी. तिका जेवण जायना. तुझी भाकरी नि सोलकढी तेवढी गेली. मुलगी झाल्यावर पेढो घेऊन इली. म्हणाली, भाकरी करणाऱ्या बाईक द्या." मी स्टूल जरा पुढे ओढलं. "तो पेढो मी खाल्लंय."

थप थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

सांगत गेलो. मढला शूटिंगवरून परतताना आलेला रंगवलेल्या तोंडाचा माणूस. साखरपुड्याच्या दिवशी भांडून जेवायला आलेली जोडी. त्यांनी एकच भाकरी दोन बाजूंनी फोडली आणि मग बोलायला लागली. उत्तराबाईंचे बुधवार, जेवढे आठवले तेवढे. निळ्या उजेडात माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटत होता. ही माणसं मी पाहिली होती की दुपारच्या झोपेतली होती, हेही कधी कधी कळेना. पण निरोप खरे होते. नितेश खुर्चीत डोळे मिटून पडला होता आणि घोरत नव्हता. शुक्रवारी मी पुन्हा बसलो, उरलेले सांगितले. शेवटी आठवायला काही राहिलं नाही तेव्हा म्हटलं, "इतकेच गो. बाकीचे मी हरवलंय. चुकलंय मी."

भाकऱ्या काही फुगल्या नाहीत. मी माणूस आहे, आशेने प्रत्येक ताटलीकडे बघत होतो. गुरुवारी रात्री सपाट, शुक्रवारी सपाट, शनिवारी दुपारी सपाट. बरोबरच होतं. एकोणीस वर्षांचे शिळे निरोप दोन दुपारी आणून टाकले म्हणून काय कुणी पाघळतं?

शनिवारी चार वाजता डबा उघडला. सगळे भोवती उभे होते, सुबोधसुद्धा. झाकण उघडलं, तर डब्याचा तळ दिसत होता. नितेशने मान खाली घातली. मलाच हसू आलं. कठडा अर्धाच होईल, मी मनात म्हटलं. बसायला अर्धाही पुरतो, जरा चिकटून बसू.

मग दुसरी रीत. जाणारा माणूस एकदा गिऱ्हाईक होऊन जेवतो, बिल शेठ भरतात. मी आठ नंबरला बसलो. एवढ्या वर्षांत या खुर्चीवर मी झोपलो होतो, जेवायला कधी बसलो नव्हतो. नितेशने खांद्यावर फडका टाकून विचारलं, "काय आणू साहेब?" सगळे हसले. मी बांगड्याचं तिखलं सांगितलं, सोलकढी सांगितली. आणि भाकरी.

खिडकीतून हात बाहेर आले. हिरवी तुळस मला आठ नंबरवरून दिसली. नितेश धावत सुटला. एकोणीस पावलं. ताटली माझ्यासमोर आली आणि भाकरी टम्म फुगलेली होती, इतकी की ताटलीवर ठेवलेली वाटत नव्हती. नितेशही उभाच राहिला.

मी तिच्याकडे बघत बसलो. एकतीस वर्षांत किती भाकऱ्या अशा धावत नेल्या असतील? लाखभर तर नक्की. आणि आम्ही जेवायचो साडेतीनला, गिऱ्हाईक संपल्यावर, खाली बसलेल्या, थंड झालेल्या भाकऱ्या. सुरंगीतली फुगलेली भाकरी मी एकदाही फोडली नव्हती. हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

बोट लावलं. वाफ तोंडावर आली, चष्म्यावर आली. तांदळाचा तो वास आला, आईच्या चुलीसमोरचा. समोरचं सगळं निळं निळं होऊन विरघळलं आणि मी त्यात बसून राहिलो. डोळे वाफेने भरले असं मी नितेशला सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं.

"वा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

जेवलो. सगळी भाकरी जेवलो, पापुद्र्याचा कण ठेवला नाही. नितेशने बडीशेपची वाटी आणून ठेवली आणि रीतीप्रमाणे दोन पावलं मागे सरून छताकडे बघायला लागला. मीही शर्टाच्या आत हात घातला. करगोट्याची गाठ कित्येक वर्षांची होती, ती कशी सुटायची? शेवटी मासे कापायची सुरी मागवून दोरा कापावा लागला. किल्ली मी बडीशेपवर ठेवली. तिचा आवाज झाला नाही.

सुबोध म्हणाला, "काका, हे काय?"

"टिप," मी म्हटलं. "टिप ही गिऱ्हाइकाची खुशी असते सुबोध, तू द्यायचा पगार नव्हे. तुझं तू बघ."

नितेशने हात पुढे केला. किल्ली त्याच्याकडेच जायची होती, त्याचा हात चुकला नव्हता. मी वाटी उचलून त्याच्या तळव्यावर ठेवली आणि वाटीवर माझा हात ठेवला.

"ही भाकरी करणाऱ्या बाईला द्या," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने वाटी दोन्ही हातांत धरली, गरम ताटली धरतात तशी, आणि खिडकीकडे निघाला. या वेळी धावत नव्हता.

"आणि निरोप सांग," मी मागून म्हटलं. "पापुद्रा सुरेख सुटला होता."

खिडकीपाशी तो वाकला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आत चाललेली थपथप मात्र थांबली, आणि मग खिडकीत हातांच्या मागून पहिल्यांदाच नलिनीचं तोंड आलं.